टप कुणाचा, सांगाडा कुणाचा: फोक्सवॅगन कॅम्परच्या तीन जाहिरातींबाबत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण पुण्याहून येऊन कार्ल्सरूहेत स्थायिक झालेले चौघांचे कुटुंब आहात आणि उघडणाऱ्या टपाची, म्हणजे पॉप-टॉप, जुनी फोक्सवॅगन कॅम्पर घेण्याच्या विचारात आहात. आपण तीन जाहिराती निवडल्या आहेत (टी-२, टी-३ वगैरे ही फोक्सवॅगनच्या व्हॅनच्या एकापाठोपाठच्या पिढ्यांची नावे): १९८५ ची टी-३ ‘जोकर’, १९९८ ची टी-४ ‘कॅलिफोर्निया’ आणि २००८ ची टी-५ ‘कॅलिफोर्निया’. तिन्ही विक्रेत्यांनी ‘मूळ वेस्टफालिया’, म्हणजे त्या नावाच्या जर्मन कारखान्याने कॅम्पर केलेली, असे ठळक अक्षरांत लिहिले आहे, आणि यांतली खरी कोणती, नुसत्या छायाचित्रांवरून ते कळते का, असे आपण विचारले आहे. शेवटी इंग्लंडमध्ये पाहिलेल्या एका टी-२ चाही उल्लेख आपण केला आहे. त्याविषयी मी शेवटीच लिहितो.

स्टुटगार्टच्या परिसरात गेली अठरा वर्षे मी अशाच गाड्यांचे टप, रबर, बिजागऱ्या आणि आतले लाकूडकाम दुरुस्त करतो. त्या कामातून बसलेली माझी पहिली सवय आपल्याला सांगतो. कॅम्पर ही एक गाडी आहे असे मी समजतच नाही. तिच्यात तीन वस्तू असतात आणि तिन्हींचा जन्म वेगळा असू शकतो: फोक्सवॅगनने बनवलेला सांगाडा, कुणीतरी पत्रा कापून बसवलेला टप, आणि कुणीतरी आत ठेवलेले ओटा, फ्रिज, बिछाना हे सामान. जाहिरातीत या तिघांना मिळून एकच नाव दिलेले असते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. सामान एका दिवसात काढून दुसऱ्या गाडीत बसवता येते. पुढची जाळी आणि दिवे तर अर्ध्या दिवसात बदलतात. टप मात्र सहसा कोणी बदलत नाही, कारण त्याच्याखाली पत्र्याला पडलेले भोक पुन्हा बुजवता येत नाही. म्हणून ओळख टपापासून सुरू करावी, मग सांगाड्याच्या क्रमांकाकडे जावे आणि सामानाकडे सर्वांत शेवटी पाहावे. खरेदीदार नेमके उलट करतात. चौकड्यांचे जुने पडदे पाहून ते हरखतात आणि टपाकडे मान वर करून पाहतही नाहीत.

सर्वांत सोपी जाहिरात तिसरी आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. २००८ ची टी-५ कॅलिफोर्निया ‘मूळ वेस्टफालिया’ असूच शकत नाही. वीडनब्र्यूक येथील वेस्टफालिया हा १८४४ पासूनचा कारखाना आहे, त्याने १९५१ मध्ये फोक्सवॅगनसाठी पहिली ‘कॅम्पिंग बॉक्स’, म्हणजे गाडीत ठेवायची मुक्कामाच्या सामानाची पेटी, केली आणि टी-४ पर्यंत हे नाते टिकले. पुढे वेस्टफालियाचा हा व्यवसाय डेमलर-क्रायस्लरच्या हाती गेला. प्रतिस्पर्ध्याच्या घरी आपली गाडी सजवायला पाठवणे फोक्सवॅगनला परवडणारे नव्हते, त्यामुळे टी-५ पासून कॅलिफोर्निया हॅनोव्हरला फोक्सवॅगननेच स्वतः बांधायला घेतली. विक्रेता खोटे बोलतो आहे असे मी लगेच म्हणणार नाही. ‘वेस्टफालिया’ हा शब्द इथे अनेकजण कॅम्परला समानार्थी वापरतात, जसे आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत. उलट बाजूही लक्षात ठेवावी. वेस्टफालियाचे नाव असले म्हणजे गाडी फोक्सवॅगनच असते असेही नाही, कारण फोर्डची नुगेट ही मागच्या बाजूला स्वयंपाकघर असलेली गाडीही १९८६ पासून पुढे बरीच वर्षे वेस्टफालियानेच केली.

मग ती टी-५ खरी कॅलिफोर्निया आहे की कोणीतरी मालवाहू ट्रान्सपोर्टरचा टप कापून केलेली गाडी आहे, एवढाच प्रश्न उरतो. इथे सतरा अक्षरी चासी क्रमांक उपयोगी पडतो. तो नोंदणीपत्राच्या पहिल्या भागात ‘ई’ या रकान्यात असतो. क्रमांकाची सुरुवात डब्ल्यू-व्ही-१ अशी असेल तर ती गाडी मालवाहू म्हणून कारखान्याबाहेर पडली आहे आणि आतला सारा संसार नंतरचा आहे. सुरुवात डब्ल्यू-व्ही-२ अशी असेल तर ती प्रवासी गाडी म्हणून जन्मली. सातव्या व आठव्या जागी टी-५ साठी ‘७एच’, टी-४ साठी ‘७०’, आणि टी-३ साठी ‘२४’ किंवा ‘२५’ असते. दहावी जागा मॉडेल-वर्षाची आणि अकरावी कारखान्याची असते, तिथे एच म्हणजे हॅनोव्हर. यात दोन खाचखळगे आहेत. मॉडेल-वर्ष उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बदलते, त्यामुळे २००८ साली पहिली नोंदणी झालेल्या गाडीवर ७, ८ किंवा ९ यांपैकी काहीही दिसले तरी चकित होऊ नये. दुसरे म्हणजे डब्ल्यू-व्ही-२ हा पुरावा पुरेसा नाही, कारण साध्या मल्टिव्हॅनचा, म्हणजे फोक्सवॅगनच्या ओटा नसलेल्या प्रवासी गाडीचा, क्रमांकही त्याच अक्षरांनी सुरू होतो आणि तिच्यावर नंतर टप बसवून ‘कॅलिफोर्निया’ म्हणून विकण्याचा उद्योग चालतो.

त्यामुळे टी-५ च्या बाबतीत मी गाडीपाशी गेल्यावर चार गोष्टी पाहतो, आणि त्यासाठी हत्यार म्हणून फक्त बोटांची पेरे वापरतो. टपावर टिचकी मारावी. कारखान्याच्या कॅलिफोर्नियाचा टप ॲल्युमिनियमचा असतो, त्यामुळे भांड्यासारखा धातूचा आवाज येतो. बाहेरून बसवलेले बहुतेक टप फायबरचे असतात आणि त्यांचा आवाज पुठ्ठ्यासारखा बद्द येतो. लोहचुंबक दोन्हींना चिकटत नाही, म्हणून चुंबक घेऊन जाणाऱ्यांची इथे फसगत होते. दुसरी खूण पुढच्या दोन आसनांच्या वर, आरशाच्या मागे छताला बसवलेला नियंत्रणाचा छोटा पडदा. टप उचलणे, फ्रिज, पाण्याची पातळी, हीटर हे सर्व तिथून चालते, कारण वरच्या दर्जाच्या कॅलिफोर्नियात टप विजेवर चालणाऱ्या तेलाच्या दाबाने उघडतो. तिसरी खूण मला सर्वांत आवडते, कारण ती नकला करणाऱ्याच्या लक्षात येत नाही: डिकीच्या दाराच्या आतल्या पोकळीत दोन घडीच्या खुर्च्या आणि सरकत्या दरवाजाच्या आतल्या बाजूला खोचलेले जेवणाचे टेबल. मल्टिव्हॅनच्या दारात ही सोय नसते. चौथी खूण कागदाची आहे. सर्व्हिस पुस्तिकेत चिकटवलेल्या माहितीच्या कागदावर तीन-तीन अक्षरांचे संकेत असतात आणि त्यांवरून फोक्सवॅगनचा कोणताही विक्रेता गाडी कशी जन्मली हे सांगू शकतो.

कॅलिफोर्नियातही आपसात फरक आहेत आणि किमतीतली तफावत बरीचशी त्यामुळे पडते. टी-५ मध्ये ‘कम्फर्टलाइन’ म्हणजे पूर्ण स्वयंपाकघराची गाडी: डाव्या बाजूला दोन शेगड्या, सिंक आणि वरून झाकण उघडणारा ४२ लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज. ‘ट्रेंडलाइन’ त्याहून साधी. ‘बीच’मध्ये ओटा नसतोच, टप सहसा हाताने ढकलून उघडावा लागतो, पण त्याबदल्यात खालचा बिछाना दीड मीटर रुंद मिळतो. ओटा असलेल्या गाडीत तो १.१४ मीटरवर येतो. वरचा बिछाना दोन मीटर लांब आणि १.२० मीटर रुंद. २०१५ नंतरच्या टी-६ मध्ये कम्फर्टलाइनचे नाव ‘ओशन’ आणि ट्रेंडलाइनचे ‘कोस्ट’ झाले. आपल्या जाहिरातीतल्या चित्रात ओटा दिसतो पण गाडीला ‘ओशन’ म्हटले आहे. २००८ च्या गाडीला ते नाव लागू होत नाही, विक्रेत्याने ते कुठूनतरी उचलले आहे. यावरून गाडी खोटी ठरत नाही, पण विक्रेत्याला स्वतःच्या गाडीची फारशी ओळख नाही एवढे नक्की कळते. टप उघडून त्याच्या कडेचे रबर किंचित बाजूला सारून पाहावे. तिथे रंगाखाली पांढरट फोड आले असतील तर ॲल्युमिनियमला गंज धरला आहे असे समजावे. हे काम खर्चिक असते, आणि किंमत ठरवताना ते गृहीत धरावे.

आता पहिली जाहिरात, म्हणजे टी-३. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सर्वांत जास्त सरमिसळ याच पिढीत सापडते आणि मला स्वतःला हीच गाडी सर्वांत प्रिय आहे. १९७९ साली टी-३ आली, तेव्हा वेस्टफालियाच्या कॅम्परचे नाव ‘जोकर’ होते आणि अधिक सजवलेल्या प्रकाराला ‘क्लब जोकर’ म्हणत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ‘कॅलिफोर्निया’ आणि ‘अटलांटिक’ ही नावे आली. जोकर उघडणाऱ्या टपाची मिळे तशी उंच कायमच्या टपाचीही मिळे, म्हणून ‘जोकर’ एवढ्या नावावरून टप कळत नाही. १९८५ मध्ये फोक्सवॅगनने मल्टिव्हॅन आणली: मागे तोंड करून बसायची आसने, घडीचे टेबल, रात्री बिछाना, पण ओटा नाही. ही मल्टिव्हॅन उघडत्या टपासहही मिळत असे. आपल्या जाहिरातीतील गाडी नेमकी १९८५ ची असल्याने ती जोकर आहे की नंतर ओटा टाकलेली मल्टिव्हॅन आहे, हाच खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर गाडीच्या आत नाही, डाव्या बाहेरच्या अंगावर आहे. खऱ्या जोकरमध्ये शेगडी, सिंक आणि फ्रिज चालकाच्या मागे डाव्या भिंतीला ओळीने असतात, त्यामुळे चालकाच्या दाराच्या मागे पत्र्यावर तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: फ्रिजच्या धुराचे छोटे तोंड, पाणी भरायचे झाकण आणि २२० व्होल्टची तार जोडायची पेटी. त्या काळचा फ्रिज गॅसवर, बॅटरीवर आणि घरच्या विजेवर अशा तिन्हींवर चालतो. गॅसवर चालताना आत ज्योत जळते आणि तिचा धूर बाहेर जाण्यास वाट लागतेच. तीन वर्षांपूर्वी एका जोडप्याने मला अशीच एक ‘जोकर’ तपासायला नेले. आतले लाकूड अस्सल वेस्टफालियाचे होते, फ्रिजही त्याच काळातला होता, विक्रेत्याने गॅसवर चालवूनही दाखवला. मी बाहेर येऊन डाव्या पत्र्यावर हात फिरवला तर पत्रा कोरा होता, एकही भोक नाही. म्हणजे हे सामान दुसऱ्या, बहुधा गंजून भंगारात गेलेल्या गाडीतून आणले होते आणि फ्रिजचा धूर लाकडी कपाटाच्या मागे, मुलांच्या बिछान्याखाली साचत होता. किंमत, प्रकार वगैरे चर्चा मी तिथेच थांबवली आणि आधी सिलिंडरचा कॉक बंद करायला लावला.

टी-३ च्या टपाचीही खूण स्पष्ट आहे. वेस्टफालियाचा टप फायबरचा असतो, त्याची बिजागरी मागे असते आणि तो पुढून उचलला जातो. उघडल्यावर कापडाचा त्रिकोण चालकाच्या डोक्याकडे उंच आणि डिकीकडे निमुळता दिसतो. त्याच्याही पुढे, चालकाच्या डोक्यावर, सामान ठेवायचे फायबरचे वेगळे खोलगट ताट असते. एसटीच्या टपावर बोचकी टाकलेली ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ते लगेच ओळखू येईल. टप ताटाशिवाय पुढून मागपर्यंत सलग असेल किंवा सपाट वर उचलला जात असेल, तर तो दुसऱ्या कुणाचा आहे. दुसऱ्या कुणाचा म्हणजे वाईट असे मुळीच नाही. जर्मनीत रायमोसारख्या कंपन्यांचे टप वर्षानुवर्षे चांगले टिकलेले मी पाहिले आहेत. फक्त तो ‘मूळ’ नव्हे, आणि ‘मूळ’ची किंमत द्यायची नाही. असा टप नंतर बसवलेला असेल तर तपासणी संस्थेने त्याची नोंद करायला हवी, आणि ती नोंदणीपत्राच्या ‘२२’ क्रमांकाच्या रकान्यात सापडायला हवी. रकाना कोरा आणि टप बाहेरचा, अशी जोडी दिसली तर पुढची तपासणी अवघड जाईल असे समजावे.

टप उघडल्यावर आत उभे राहून कापडाच्या खालची पट्टी थोडी सैल करावी आणि पत्र्याच्या कडेवरून सावकाश बोट फिरवावे. कारखान्यातून आलेल्या गाडीत ही कड दुमडलेली, रंगवलेली असते आणि भोकाभोवती पत्र्याला बळकटी दिलेली असते. हौशी माणसाने कापलेल्या टपाखाली करवतीचे दात बोटाला जाणवतात, कड नागमोडी असते आणि ती झाकायला काळ्या चिकटद्रव्याचा जाड थर दिलेला असतो. टप कापला की सांगाड्याचा वरचा कणा तुटतो, त्यामुळे बळकटी नसलेल्या गाडीचा सरकता दरवाजा काही वर्षांनी खाली उतरतो. दरवाजा बंद करताना मागच्या कोपऱ्यात तो घासत असेल, तर मी दरवाजाचे चाक तपासण्याआधी टपाकडे पाहतो.

टी-३ चे वर्ष चेहऱ्यावरून ओळखू पाहणाऱ्यांना एकच मदत होते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या गाडीला समोर दिव्यांच्या रांगेत एकच जाळी असते. १९८१ च्या डिझेलपासून आणि १९८२ च्या शरद ऋतूपासूनच्या, पाण्याने थंड होणाऱ्या पेट्रोल इंजिनापासून, खाली रेडिएटरसाठी दुसरी जाळी आली. १९८५ च्या गाडीला खालची जाळी हवीच. चौकोनी दिव्यांवरून मात्र काहीही ठरवू नये, ते हौसेने बसवले जातात. जाहिरातीत ‘सिंक्रो’, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी गाडी, असा शब्दही आहे. तसे असेल तर किंमत पार बदलते, म्हणून दोन गोष्टी पाहाव्यात. सिंक्रोची बांधणी ऑस्ट्रियात ग्राझला होत असे, म्हणून चासी क्रमांकाच्या अकराव्या जागी एच नव्हे तर जी असते. १९८६ चे वर्षाक्षरही जीच असल्याने त्या वर्षीच्या सिंक्रोवर लागोपाठ दोन जी दिसतात आणि लोक ती छपाईची चूक समजतात. दुसरी गोष्ट पेट्रोलच्या झाकणाची. साध्या टी-३ ला ते उजवीकडे पुढच्या दाराच्या मागे खाली असते. सिंक्रोत पुढच्या चाकांपर्यंत जोर नेणाऱ्या दांड्यासाठी टाकी मागे गिअरबॉक्सच्या वर न्यावी लागली, त्यामुळे झाकणही मागच्या चाकापाशी गेले. आपण पाठवलेल्या चित्रात झाकण पुढच्या दाराच्या मागे आहे. मागे चिकटवलेली ‘सिंक्रो’ पाटी वीस युरोंत मिळते.

टी-४ विषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण इथे विक्रेत्याचा दावा बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे: टी-४ कॅलिफोर्निया खरोखरच वेस्टफालियाची आहे. इंजिन मागून पुढे गेल्यामुळे मागचा तळ सपाट झाला आणि जागा वाढली. १९९६ पासून कॅलिफोर्नियाचे नाक लांब झाले, म्हणजे १९९८ च्या गाडीचे नाक लांब हवे. ते आखूड असेल तर वर्ष तरी चुकीचे आहे किंवा नाव तरी. चाकांतले अंतर आखूड प्रकारात २.९२ मीटर आणि लांब प्रकारात ३.३२ मीटर असते, ते जमिनीवर टेपने मोजता येते. मल्टिव्हॅनचा घोळ इथेही आहे, आणि त्याची तपासणी टी-३ प्रमाणेच बाहेरच्या पत्र्यावरच्या भोकांपासून करावी. गाडी डिझेल असेल तर आपल्यासाठी एक व्यावहारिक गोष्ट अशी की कमी प्रदूषणाच्या हिरव्या स्टिकरशिवाय अनेक शहरांच्या मध्यभागी प्रवेश नाही आणि स्टुटगार्टमध्ये तर युरो-४ या प्रदूषण-मानकापर्यंतच्या डिझेल गाड्यांना २०१९ पासून बंदी आहे. तीस वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्थितीत असलेल्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची ‘एच’ पाटी मिळाली की ही अट सुटते. म्हणूनच टी-३ मध्ये सामान कोणाचे हा प्रश्न निव्वळ अभिमानाचा नाही.

राहिली इंग्लंडमधली टी-२. तिचा टप एका बाजूला, पुस्तकाचे पान उलटावे तसा उघडतो आणि कापड पट्ट्यापट्ट्यांचे आहे, असे आपण लिहिले आहे. तो फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीचा ‘डॉर्मोबिल’ टप असावा. पण तेवढ्यावरून गाडी डॉर्मोबिल ठरत नाही, कारण सिडमथच्या डेव्हन कंपनीनेही हाच टप घेऊन आपल्या गाड्यांवर बसवला. टप एकाचा आणि लाकूड दुसऱ्याचे हे तिथे कारखान्यातूनच घडले आहे. वर्षासाठी दिवे पाहावेत: पुढचे इंडिकेटर बंपरजवळ खाली असतील तर १९७२ पर्यंतचे मॉडेल, वर हवेच्या जाळीच्या दोन्ही टोकांना असतील तर १९७३ नंतरचे. मागचे दिवे मात्र १९७२ च्या मॉडेलमध्येच उंच झाले, त्यामुळे खाली इंडिकेटर आणि मागे उंच दिवे अशी त्या एका वर्षाची गाडी जोडकाम वाटते, पण ती खरी असते. आणि तिच्या नाकावर काळी रेडिएटरची जाळी असेल, तर ती सत्तरच्या दशकातली नाही. ब्राझीलमध्ये टी-२ चे उत्पादन डिसेंबर २०१३ पर्यंत चालू होते आणि अखेरच्या वर्षांत, पाण्याने थंड होणाऱ्या १.४ लिटर इंजिनासह, अशा काही गाड्या इंग्लंडमध्ये आणून कॅम्पर केल्या गेल्या.

आपण गाड्या पाहायला जाण्यापूर्वी तिन्ही विक्रेत्यांकडून पाच छायाचित्रे मागवा: नोंदणीपत्राचा पहिला भाग, बंद गाडीची संपूर्ण डावी बाजू, पूर्ण उघडलेला टप बाजूने, टपाच्या कडेची कापड दूर करून घेतलेली पत्र्याची रेघ, आणि गॅसच्या शेवटच्या तपासणीचा कागद. ही तपासणी दर दोन वर्षांनी करायची असते. टी-३ च्या विक्रेत्याने डाव्या बाजूचे चित्र पाठवायला टाळाटाळ केली तर तिथे जाण्याचे पेट्रोल वाचवा. टी-४ ची चित्रे आली की मला पाठवा, तिचा टप मला चित्रावरून चांगला वाटतो आहे.